लाकडी बैलाच्या पोटातला जिना: एक अतिवास्तववादी रेखाचित्र कसं पाहावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका प्रदर्शनात तुम्ही आणि वहिनींनी एका तरुण चित्रकर्तीचं काळ्या शाईतलं मोठं रेखाचित्र पाहिलं. वहिनींना ते घरी हवं आहे, बैठकीत लावायला. तुम्हालाही आवडलं, पण कळलं नाही. अर्थ विचारला तर त्या 'तुम्हाला काय दिसतं ते सांगा' एवढंच म्हणाल्या, आणि त्या टाळताहेत असं तुम्हाला वाटलं. याला काही अर्थ आहे का, ही स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची नक्कल तर नाही, असं कुणीही काढू शकेल ना, आणि शेवटी घ्यावं की नाही, हे तुम्हाला जाणून घ्यायचं आहे.

मी बरीच वर्षं निब आणि शाईत काम करतो, मुलांना ड्रॉइंग शिकवतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून उत्तर देता आलं असतं, पण मोबाइलवर शाईचं काम सपाट होऊन जातं, रेषेचा दाब दिसत नाही. म्हणून प्रदर्शन चालू आहे तोवर जाऊन मूळ कागद पाहून आलो. माझं मत आधीच सांगतो. चित्र चांगलं आहे, दोन-तीन ठिकाणी फारच चांगलं आहे, एका ठिकाणी कच्चं आहे. चित्रकर्ती टाळत नव्हत्या. तुम्ही ते घ्यावं.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी चित्र सांगतो. आडवा कागद, 22 गुणिले 30 इंच. नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा चौक, लाकडी खांब, मागे ओसरी. चौकाच्या मधोमध तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलं ओढतात तसला, लाकडी बैल उभा, पण शिंगं कौलांना टेकतील एवढा मोठा. पायाखाली चार चाकं. पोटाची एक फळी दारासारखी उघडलेली आणि आत जिना खाली उतरत गेलेला. आता गंमत अशी की बैलाच्या पोटाखालून, चाकांच्या मधून, पलीकडची फरशी स्वच्छ दिसते. जिन्याला उतरायला जागाच नाही, तरी तो पायरीमागे पायरी उतरत अंधारात जातो. खांबांच्या सावल्या डावीकडे पडल्या आहेत, बैलाची उजवीकडे. एका शिंगापासून खांबापर्यंत दोरी आहे, तिच्यावर ओलं लुगडं वाळत घातलेलं आणि त्यातून पाणी ठिबकतंय. आणि सगळ्यात पुढे, आपल्याकडे पाठ करून, बैलाचा कासरा धरलेला लहान मुलगा.

अशा चित्रासमोर उभं राहिलं की माणूस कोडं सोडवायला घेतो. बैल म्हणजे शेतकरी, जिना म्हणजे मनाचा तळ, लुगडं म्हणजे आई, मुलगा म्हणजे चित्रकार स्वतः. पाच मिनिटांत सगळं सुटतं, आणि मग त्या चित्राकडे पुन्हा पाहायचं कारणच उरत नाही. मला ही सवय मनापासून नुकसानकारक वाटते. तिच्यामुळे लोक चित्र बघायचं सोडून चित्राबद्दलची यादी बघतात.

ज्यांनी अतिवास्तववादाची, म्हणजे सर्रिअॅलिझमची, चळवळ उभी केली त्यांना कोडी घालायची नव्हती. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतों हा मुळात वैद्यकाचा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धात मनोरुग्णांच्या रुग्णालयात त्याची नेमणूक झाली आणि युद्धाच्या धक्क्याने भान हरपलेल्या सैनिकांचं बोलणं त्याने जवळून ऐकलं. त्या बोलण्यात एकीला लागून दुसरी अशा प्रतिमा येत, ज्या शुद्धीवरचा कवी ठरवून जुळवू शकला नसता. मनोविश्लेषक फ्रॉइडचे विचारही त्याच्यापर्यंत पोचले होते. 1924 साली पॅरिसमध्ये त्याने जाहीरनामा काढला. बुद्धीचा, नीतीचा, सौंदर्याच्या नियमांचा पहारा बाजूला ठेवून मनाचा व्यवहार जसा चालतो तसाच उतरवायचा, ही त्याची भूमिका. म्हणजे प्रतिमा आधी येते. अर्थ नंतर येतो, कधी चित्रकाराच्या हाती लागतो, कधी पाहणाऱ्याच्या. तुमच्या चित्रकर्तीने प्रश्न उलटा विचारला तो या अर्थाने प्रामाणिक होता. त्यांच्याकडे लपवून ठेवलेलं उत्तर नाही.

मी त्यांना अर्थ विचारला नाही. सुरुवात कुठून केली, एवढं विचारलं. लगेच बोलायला लागल्या. पाडलेल्या घराची एक जुनी फळी त्यांच्याकडे होती. तिच्यावर पातळ कागद ठेवून त्यांनी पेन्सिल घासली, लाकडाचा रेषा-रेषांचा पोत कागदावर उतरला, आणि त्या पोतात त्यांना बैलाची कूस दिसली. मग मोठ्या कागदावर तीच फळी खाली ठेवून पुन्हा घासलं आणि भोवती बैल उभा केला. चौक त्यानंतर आला, जिना सगळ्यात शेवटी. प्रदर्शनात परत गेलात तर बैलाच्या डाव्या कुशीजवळ वाकून बघा. शाईच्या खाली ग्रॅफाइटची, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाची, मंद चकाकी आहे. फळीतली एक गाठ त्यांनी तशीच ठेवली आहे, शाईने अजिबात न झाकता. मला तो सगळ्या कागदावरचा सर्वांत जिवंत भाग वाटला.

या पद्धतीला फ्रॉटाज म्हणतात. याच चळवळीतला चित्रकार मॅक्स अर्न्स्ट याने ती 1925 मध्ये वापरायला घेतली. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका खानावळीत मुक्कामाला असताना घासून घासून उठून आलेल्या फरशीच्या फळ्यांनी त्याचं लक्ष खिळवून ठेवलं, त्याने त्यांच्यावर कागद टाकून पेन्सिल घासली आणि त्यातून जंगलं, पक्षी, प्राणी काढले. त्याच्या थोडं आधी फ्रेंच चित्रकार आंद्रे मासों निब हातात घेऊन, काय काढायचं ते न ठरवता, हात कागदावर मोकळा फिरवत असे आणि रेषांच्या गुंत्यातून काही दिसायला लागलं की मग ते पुढे नेत असे. आपल्याकडे रवींद्रनाथ ठाकूर कवितेच्या हस्तलिखितात खोडलेले शब्द एकमेकांना जोडत जात आणि त्या खाडाखोडीतून चमत्कारिक पक्षी, प्राणी तयार होत. त्यांचा या चळवळीशी संबंध नव्हता, पण हात आधी आणि विचार मागून हा क्रम तोच. 1930 मध्ये त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन पॅरिसमध्येच भरलं.

दुसरी वाट दाली आणि बेल्जियन चित्रकार माग्रीतची. इथे हात मोकळा सोडत नाहीत, उलट फार बांधून ठेवतात. स्वप्नात दिसलं ते इतक्या काटेकोरपणे काढायचं की डोळ्याला नाकारता येऊ नये. माग्रीतने सुरुवातीला वॉलपेपरच्या कारखान्यात काम केलं होतं. त्याचं रंगकाम मुद्दाम साधं, सरळ, जवळजवळ पाटीवरच्या चित्रासारखं आहे, आणि म्हणूनच त्यातली अशक्य गोष्ट अंगावर येते. तुमच्या चित्रात दोन्ही वाटा आहेत. बैलाची कूस पहिल्या वाटेने आली, चौक आणि जिना दुसऱ्या.

आता मुद्द्याचं बोलतो, कारण चांगलं-वाईट इथेच ठरतं. अतिवास्तववादी चित्रात दोन न जुळणाऱ्या गोष्टी एकत्र येतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकत्र आणणं सोपं आहे. सगळी परीक्षा सांध्याची आहे. आपल्या भागात जंबेरीच्या, म्हणजे लिंबाच्या जातीतल्या झाडाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा (फांदीवरचा कोंब) भरतात. साल सालीला नीट भिडली तर झाड एक होतं, मध्ये पोकळी राहिली तर डोळा वाळून जातो, मग संत्रं कितीही चांगल्या जातीचं असो. चित्राचंही तसंच. बैल किती विचित्र आहे यावर काही अवलंबून नाही, तो चौकात कसा भिडला आहे यावर सगळं आहे.

तुमच्या चित्रात तो भिडला आहे. कसा, ते दाखवतो. तळहात डोळ्यासमोर धरून बैल झाका आणि नुसता चौक बघा. मग चौक झाकून नुसता बैल बघा. दोन्ही वेळा चित्र अपुरं वाटेल. फरशीवरची हॅचिंग, म्हणजे शेजारी शेजारी मारलेल्या बारीक तिरप्या रेषा, चाकापाशी थांबत नाहीत. त्याच तिरपेपणाने चाकावर चढतात, पायावरून वर जातात आणि पोटापाशी लाकडाच्या पोतात विरून जातात. निबचा दाबही तोच आहे. एकाच बैठकीत, एकाच हाताने, एकाच हवेत दोन्ही काढल्यासारखं वाटतं. कमकुवत कामात हा भाग कात्रण चिकटवल्यासारखा दिसतो, वस्तूच्या कडेला जाड बाह्यरेषा मारून मोकळं झालेलं असतं.

जिन्याचं काम याहून अवघड आहे. पायऱ्यांच्या कडा पट्टी लावून मनातल्या मनात पुढे वाढवा. ओसरीच्या तुळया ज्या बिंदूकडे धावतात, त्याच बिंदूकडे पायऱ्याही धावतात. म्हणजे अशक्य जिना शक्य चौकाच्या नियमाने काढला आहे. डोळा आधी नियम मानतो, त्यामुळे जिना मान्य करतो, आणि मग पोटाखालची मोकळी फरशी दिसते तेव्हा अडखळतो. हा अडखळण्याचा क्षण चित्रकर्तीने बांधून काढला आहे. तिने परस्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे खोली दाखवण्याच्या नियमात, जरा ढिलाई केली असती तर आपण 'चूक झाली असेल' म्हणून पुढे गेलो असतो.

सावल्यांबद्दलही हेच. उलट दिशेच्या सावल्या काढणं ही जुनी युक्ती आहे, विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतात. इथे मला आवडलं ते वेगळं. बैलाची सावली आणि खांबांच्या सावल्या एकाच गडदपणाच्या आहेत, दोन्हींच्या कडा सारख्याच धारदार, आपल्या मे महिन्यातल्या दुपारच्या असतात तशा. त्यामुळे एकीला खरी आणि दुसरीला खोटी म्हणता येत नाही. आणि कासरा. दोरी ताणलेली आहे, पण मुलाच्या टाचा जमिनीत रुतलेल्या नाहीत, शरीर मागे झुकलेलं नाही. तान्ह्या पोळ्याला मुलं बैल ओढत घरोघर नेतात, बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. इथे नेमकं कोण कुणाला नेतंय, हे मला बराच वेळ पाहूनही ठरवता आलं नाही. तुम्ही अर्थ शोधत असाल तर माझ्या मते तो या दोरीच्या ताणात आहे, बैल कशाचं प्रतीक आहे यात नाही.

कच्ची जागा म्हणजे लुगडं. त्याच्या चुण्या समोर कापड ठेवून काढलेल्या नाहीत, आठवणीतून काढल्या आहेत, आणि आठवण नेहमी सोपी चुणी देते. ओल्या नऊवारीचं वजन दोरीला खाली खेचतं, ही दोरी जवळजवळ सरळ आहे. थेंब तर सजावटीचे झाले आहेत. बाकीच्या कागदावर जी शिस्त आहे ती इथे सुटली, म्हणून ते लुगडं तेवढं 'स्वप्नातलं' वाटतं आणि बाकी सगळं खरं वाटतं. मी त्यांना हे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. एवढ्याने चित्र पडत नाही.

दालीची नक्कल का, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो, आणि त्याचं कारण साधं आहे. या प्रकारचं एकच चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ते वितळलेल्या घड्याळांचं. 1931 सालचं ते चित्र प्रत्यक्षात फक्त 24 गुणिले 33 सेंटिमीटरचं आहे, वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं. पोस्टरवर वाढवून वाढवून ते भिंतीएवढं झालं आणि बाकी सगळ्यांना त्याने झाकून टाकलं. तुमच्या चित्रात दालीचं काही असेल तर ते काटेकोरपणा, आणि तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. प्रतिमा मात्र पूर्णपणे इथल्या आहेत.

नागपुरात वाढलेल्या मुलाला प्रचंड आकाराच्या वस्तू रस्त्यात दिसण्याचं नवल नसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (स्त्रीचा प्रचंड पुतळा) इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून निघते, बडगे (पुरुषांचे पुतळे) निघतात, 'घेऊन जा गे मारबत' चा गजर होतो, आणि त्याच दिवशी घराघरांतून लहान पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत बाहेर पडलेली असतात. लहानपणी मारबत खांद्यावरून पाहिलेली असेल तर डोक्यात माणसाचं आणि वस्तूचं माप कायमचं बदलतं. चित्रकर्तीला हे मी विचारलं नाही, पण बैल कौलांपर्यंत का वाढला याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. मारबत अतिवास्तववादी, नृसिंह अतिवास्तववादी, देवीचे अठरा हात अतिवास्तववादी, असं हल्ली प्रदर्शनांच्या पत्रकांत सर्रास लिहितात. मला ते अजिबात पटत नाही. नृसिंह पाहिला की तो कोण, कुठून आला, पुढे काय करणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. सिंहाचं तोंड आणि माणसाचं धड यांचा सांधा गोष्टीने आधीच बांधून ठेवला आहे. मारबत कशासाठी काढतात, शेवटी तिचं दहन का करतात, हेही गावाला माहीत असतं. या चौकातल्या बैलाच्या मागे अशी ठरलेली गोष्ट नाही. त्याचा सांधा फक्त रेषेने धरून ठेवायचा आहे, म्हणून रेषेवर एवढा भार येतो.

मराठी चित्रकलेत या वाटेने फार खोल गेलेले प्रभाकर बरवे. घड्याळ, पान, शिंपला, फळ अशा रोजच्या वस्तू ते इनॅमल रंगात सपाट, चकचकीत काढत आणि मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून अंतरावर ठेवत. वस्तू आणि तिची सावली, वस्तू आणि तिची नुसती बाह्यरेषा यांच्यातलं नातं त्यांनी आयुष्यभर तपासलं. त्यांचं काम मूळ बघायला मिळालं तर सोडू नका. तुमच्या चित्रातला एकटा उभा बैल त्या घराण्याच्या जवळचा आहे, पॅरिसपेक्षा जवळचा. आणखी एक सांगावंसं वाटतं, जरी ते विषयाला थोडं सोडून आहे. ज्या 1924 साली तो जाहीरनामा निघाला, त्याच वर्षी आपल्या नागपुरात चित्रकार वासुदेव गायतोंडे जन्मले. ते बरोबर उलट्या दिशेने गेले. कॅनव्हासवरून एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवत गेले आणि शेवटी नुसता प्रकाश आणि पृष्ठभाग राहू दिला. दोन्ही वाटांवर डोळ्याला कोडं सोडवायची सवय मोडावी लागते.

असं कुणीही काढेल का? करूनच बघा, मी मनापासून सांगतो. पॅरिसमधली ही मंडळी 1925 च्या सुमाराला एक खेळ खेळत. कागदाची घडी घालायची, पहिल्याने डोकं काढायचं, घडी उलटून दुसऱ्याला द्यायचं, त्याने वरचं न बघता धड काढायचं, तिसऱ्याने पाय. फक्त प्रत्येकाने आपल्या रेषांची टोकं घडीच्या पलीकडे एक-दोन सेंटिमीटर येऊ द्यायची, म्हणजे पुढच्याला कुठून सुरू करायचं ते कळतं. रविवारी घरात तिघांनी बसून खेळा. कागद उघडलात की विचित्र प्राणी हमखास मिळेल आणि सगळे हसतील. मग घडीच्या रेषेवर बघा. प्राणी तिथे तुटलेला असेल. विचित्रपणा फुकट मिळतो, सांधा मिळत नाही, हे तुमच्या हातालाच कळेल.

माझ्या वर्गात मी वेगळा अभ्यास देतो. नागपूरच्या झिरो माइल स्मारकाला जायचं, तिथल्या चार घोड्यांपैकी एक समोर बसून जसाच्या तसा काढायचा, सावली, तडे, डाग सगळं. घरी येऊन त्यात फक्त एक गोष्ट बदलायची. एकच. बहुतेक मुलं आधी दहा गोष्टी बदलतात, पंख लावतात, डोळ्यांतून वेली काढतात, आणि घोडा नाहीसा होतो. ज्या मुलीने एकदा नुसते खूर पाण्यात भिजलेले काढले, तिचं चित्र अजून माझ्या लक्षात आहे. आता तर मोबाइलवर दोन ओळी लिहिल्या की यंत्र हवं ते हव्या त्यात मिसळून देतं. त्या चित्रांत सगळं एकाच गुळगुळीतपणाने भरलेलं असतं, कुठे हात थांबला, कुठे घाबरला, कुठे पुन्हा गेला हे नसतं. तुमच्या चित्रात जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर निब अडकून शाईचा छोटा ठिपका पडला आहे आणि त्यांनी तो अंधारात सामावून घेतला आहे. तेवढा भाग मी फार वेळ पाहत होतो.

घेण्याबद्दल. किंमत तुम्ही लिहिली आहे, ती एवढ्या कामाला रास्त वाटते, घासाघीस करू नका. चित्रकर्तीकडून एका कागदावर चित्राचं नाव, साल, माप, कागद आणि शाई कोणती ते लिहून सही करून घ्या. शाईचं मुद्दाम विचारा. कार्बनच्या काळ्या इंडियन इंकला उजेडाचं फारसं भय नसतं, पण डायच्या, म्हणजे विरघळणाऱ्या रंगाच्या, शाईचं काम काही वर्षांत फिकं पडू शकतं. मला निबची कार्बन शाईच वाटली, तरी त्यांच्या तोंडून ऐका. बैलाच्या कुशीतलं ग्रॅफाइट फिक्सेटिव्हने (पेन्सिल पुसू नये म्हणून फवारतात त्या द्रवाने) बसवलं आहे का तेही विचारा. नसेल तर फ्रेमवाल्याचा अंगठा तिथे लागला की पोत पुसला जाईल.

फ्रेम करताना कागद हार्डबोर्डवर चिकटवू देऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कागद आखडतो, आणि जुलैत तोच कागद फुगतो. पूर्ण चिकटवलेला कागद मग लाटांसारखा उठतो किंवा ताणून फाटतो. वरच्या कडेला दोन ठिकाणी जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, एवढ्यावर तो लोंबता राहू द्या. आम्लरहित माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घ्या, म्हणजे काच आणि कागद यांच्यात फटही राहील. काच कागदाला टेकली तर पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात.

राहिली जागा. वहिनींनी बैठकीतली कूलरसमोरची भिंत ठरवली आहे असं तुम्ही लिहिलंय. ती नको. कूलरचा ओला झोत उन्हाळाभर थेट फ्रेमवर येईल आणि मागच्या बाजूने कागद भिजत राहील. पश्चिमेच्या खिडकीसमोरचीही नको. दिवाणाच्या वरची आतली भिंत चालेल, तिथे ऊन पोचत नाही. फ्रेम वरून किंचित पुढे झुकवून लावा, म्हणजे काचेत ट्यूबलाइट दिसणार नाही, आणि उंची एवढी ठेवा की दिवाणावर गुडघा टेकून बैलाची डावी कूस जवळून बघता येईल.